गोठलेलं तळं आणि मिलचा पूल

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी तक्रार केली होती, की तुम्ही तत्त्वज्ञानवाले सगळं अधांतरी बोलता, एखादी घडलेली गोष्ट घेऊन बोला ना. तक्रार रास्त होती. म्हणून आज आपण एक घडलेली गोष्ट घेऊ. ती घडली लंडनमध्ये, मंगळवार, १५ जानेवारी १८६७ रोजी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, रीजंट्स पार्क या बागेतल्या तळ्यावर. तळं गोठलेलं होतं आणि त्यावर पाचशेच्या आसपास माणसं होती. बर्फ फुटला, त्यातली दोनशेएक पाण्यात गेली, आणि चाळीस जण मेले.

पण तिथे पोचण्याआधी थोडं मागे जायला हवं. कारण आपल्यासारख्यांना पहिला प्रश्न हाच पडतो, की ही माणसं पाण्यावर गेलीच कशाला? आपल्याला बर्फ म्हटलं की गोळेवाला आठवतो. आपल्याकडे बर्फ ही विकत घ्यायची वस्तू. १८३४ पासून मुंबईला जहाजानं बर्फ यायचा, तोही थेट अमेरिकेतून, बोस्टनकडच्या तळ्यांतून कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून. तो साठवायला इथे बर्फघर बांधलं होतं. लंडनकरांच्या लेखी मात्र बर्फ ही वस्तू नव्हती, ती एक जागा होती. वर्षातून आठ-पंधरा दिवस, तेही काही वर्षीच, शहरात एक नवं मैदान उगवायचं. त्याला भाडं नाही, फाटक नाही, मालक नाही. निदान तसं वाटायचं.

हे मैदान पूर्वी खुद्द थेम्स नदीवर भरायचं. जुना लंडन ब्रिज एकोणीस अरुंद कमानींचा होता. पूल कसला, बंधाराच तो. त्याच्या वरच्या अंगाला पाणी संथ व्हायचं आणि कडाक्याच्या थंडीत गोठायचं. मग नदीवर जत्रा. दारूचे तंबू, भाजलेलं मांस, आणि चक्क छापखाने. ‘हे थेम्सच्या बर्फावर छापलं’ असे कागद लोक हौसेनं विकत घेत. अशी शेवटची जत्रा फेब्रुवारी १८१४ मधली. त्या वेळी ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ नदीवरून हत्ती चालवत नेला होता. १८३१ मध्ये नवा पूल झाला, त्याला कमानी पाच. पुढे जुना पूल पाडला, आणखी काही वर्षांनी काठ बांधून नदी अरुंद केली, प्रवाहाला जोर आला. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली, तोवर शहरातली थेम्स गोठायची थांबलेली होती.

मग माणसं गेली कुठे? बागांतल्या तळ्यांवर. हाइड पार्कातलं सर्पेंटाइन, सेंट जेम्स पार्क, आणि आपलं रीजंट्स पार्क. यातलं सर्पेंटाइन म्हणजे वेस्टबोर्न नावाचा ओढा १७३० च्या दशकात अडवून केलेलं पाणी. शहरानं गिळलेल्या ओढ्याचं उरलेलं तोंड. कालवे होते, पण तिथे बर्फ टिकू देत नसत. कोळशाचे पडाव अडकले तर शहर गारठायचं. म्हणून बर्फ फोडणाऱ्या खास नावा असत. घोडे काठावरून ओढायचे आणि नावेतली माणसं दोन्ही बाजूंना झुलून ती हेलकावायची.

तळ्याच्या काठावरचं दृश्य मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. तिथे खुर्च्या मांडून माणसं बसलेली असत. तुम्ही खुर्चीवर बसायचं, पाय पुढे करायचा. तो माणूस गिरमिटानं तुमच्या बुटाच्या टाचेला भोक पाडायचा, त्यात स्केटचा स्क्रू पिळायचा, वरून चामड्याचे पट्टे आवळायचा. तेव्हाचा स्केट म्हणजे लाकडी तळवा आणि खाली पोलादी पातं. बुटासकट एकच असा नव्हे, बुटाला जखडायचा. हे ‘जखडणं’ ध्यानात ठेवा. शेजारी झाडूवाले बर्फावरचा भुगा झाडून पैसे मागत. भाजलेले बटाटे, चेस्टनट, गरम पेयं विकणारे असत. ही माणसं कोण? बरीचशी हिवाळ्यानं कामावरून उठवलेली. जमीन गोठली की माळ्याला काम नाही, गवंड्याला नाही, गोदीतल्या हमालाला नाही. रोजंदारी बंद. फेब्रुवारी १८५५ मध्ये अशाच लांबलेल्या थंडीत लंडनच्या पूर्व भागात भुकेल्या लोकांनी पावाची दुकानं फोडली होती. म्हणजे ज्या गारठ्यानं एकाला मौज दिली, त्यानंच दुसऱ्याची चूल विझवली, आणि तो दुसरा पहिल्याच्या बुटाला स्केट बांधून दोन पेनी मिळवू पाहत होता. हा खुर्चीवाला गिऱ्हाइकाला सांगेल का, की साहेब, आज बर्फ कच्चा आहे, घरी जा?

वरच्या वर्गाचा थाट निराळा. १८३० मध्ये लंडनला स्केटिंग क्लब निघाला होता. त्यांची शैली अशी, की अंग ताठ, हात शरीराजवळ, गुडघा शक्यतो वाकवायचा नाही. बर्फावर मधोमध एक संत्रं ठेवायचं आणि चार-सहा गृहस्थांनी त्याभोवती ठरलेली वळणं एकाच वेळी घ्यायची. चेहऱ्यावर आनंद दिसता कामा नये. (हे शेवटचं वाक्य नियमावलीत नाही, आमचं आहे.) जॅक्सन हेन्स नावाचा अमेरिकन १८६४ मध्ये युरोपात आला. तो संगीताच्या तालावर, हात पसरून, नाचल्यासारखा घसरायचा. व्हिएन्नानं त्याला डोक्यावर घेतलं. इंग्रजांना ते नाटकी वाटलं. आज टीव्हीवर आपण जे पाहतो ते हेन्सच्या वंशातलं. संत्र्याचा वंश खुंटला.

बर्फ फुटतो, हे सगळ्यांना माहीत होतं. राजघराण्यालाही. फेब्रुवारी १८४१ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या बागेत प्रिन्स आल्बर्ट स्केटिंग करत असताना बर्फ फुटून पाण्यात गेला होता. काठावर राणी उभी होती; तिनं हात पुढे केला आणि तो बाहेर आला. डिकन्सनं आपल्या पहिल्याच कादंबरीत पिकविक साहेबांना बर्फातून खाली पाठवून वाचकांना हसवलं होतं. पाण्यात पडणं हा निम्मा विनोदाचाच विषय होता.

विनोद नसलेली निम्मी बाजू सांभाळायची ती रॉयल ह्यूमेन सोसायटी. १७७४ मध्ये दोन डॉक्टरांनी ती काढली. बुडालेला माणूस मेलाच असं समजू नका, त्याला परत आणता येतं, हे लोकांना पटवणं हा तिचा हेतू. सुरुवातीच्या काळात त्यासाठी तंबाखूचा धूर पोटात सोडण्याचाही उपाय होता, आणि तो कोणत्या मार्गानं, ते आम्ही इथे सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात सोसायटीचा कारभार शहाणा झाला. सर्पेंटाइनच्या काठी तिचं स्वतःचं घर होतं, तिथे गरम पाण्याचे टब, बिछाने, डॉक्टर. थंडी पडली की दोर, शिड्या, नावा घेऊन तिची माणसं तळ्यांवर नेमलेली असत. बर्फ कच्चा दिसला तर ती धोक्याची पाटी लावत आणि लोकांना सावध करत. सावध करत, एवढंच. कुणाला हात धरून मागे खेचायचा अधिकार त्यांना नव्हता.

आता १८६७ चा जानेवारी. सोमवारी, १४ तारखेला, रीजंट्स पार्कात बर्फ फुटून एकवीस जण पाण्यात पडले. सगळे वाचले. आमच्या मते पुढच्या दिवसाचं मूळ या वाचण्यात आहे. काल एकवीस पडले आणि एकवीस घरी गेले, ही बातमी घाबरवणारी की धीर देणारी? रात्री पुन्हा थंडी पडली, फुटलेली जागा वरून सांधली. मंगळवारी माणसं आली. सोसायटीची माणसं होती, तिचे इशारे होते. पण जो येतो तो पाटी वाचण्याआधी तळ्याकडे बघतो. तळ्यावर शेकडो माणसं आहेत. मग तो पाटीवर विश्वास ठेवील की डोळ्यांवर? एवढे जण उभे आहेत म्हणजे बर्फ पक्का असणारच. खरं तर एवढे जण उभे आहेत म्हणूनच तो कच्चा होत चालला होता.

साडेतीनच्या सुमाराला तडा गेला, आणि तो एका ठिकाणी राहिला नाही. सबंध पत्रा तुकड्यातुकड्यांत फुटला. पाणी काही ठिकाणी बारा फूट खोल. अंगावर लोकरीचे जाड कपडे, पायांना ते जखडलेले स्केट. पोहता येणारे थोडे. जो तुकडा धरावा तो उलटतो. काठावरच्यांनी दोर टाकले, झाडाच्या फांद्या मोडून पुढे केल्या. तुकड्यांच्या गर्दीतून नाव रेटणंही अवघड. बायका-मुलं काठावरून आपल्या माणसांना हाका मारत होती. दीडशेहून अधिक लोकांना बाहेर काढलं, तेही विसरता कामा नये. पण चाळीस गेले. बहुतेक तरुण पुरुष आणि पोरं. प्रेतं शोधायला आठवड्याहून अधिक काळ लागला, कारण तळं पुन्हा गोठत होतं. शेवटी पाणी उपसलं.

मग दोष कुणाचा यावर वाद. काहींचं म्हणणं, की बागेच्या नोकरांनी पाणपक्ष्यांसाठी काठालगत आणि बेटांलगत बर्फ फोडून ठेवला होता, त्यामुळे मधल्या पत्र्याचा काठाशी असलेला सांधा तुटला. स्लॅब तुळयांपासून सोडवल्यासारखं. बदकं वाचवायला माणसं मारलीत, असा सूर निघाला. मॅरिलबोनच्या वर्कहाउसमध्ये कोरोनरपुढे चौकशी झाली आणि ज्यूरीनं निर्णय दिला: अपघाती मृत्यू.

इथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. आम्ही बत्तीस वर्षं वर्गात जॉन स्टुअर्ट मिल शिकवला. आगरकरांच्या पिढीनं ज्याला गुरुस्थानी मानलं, जो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत १८२३ पासून १८५८ पर्यंत हिंदुस्थानचे कागद लिहीत होता, तोच हा मिल. त्याचं ‘ऑन लिबर्टी’ १८५९ चं, म्हणजे आपल्या दुर्घटनेच्या आधी आठ वर्षं. त्यात पुलाचं एक उदाहरण आहे, तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पाठ असतं. एक माणूस पूल ओलांडायला निघालाय. पूल मोडका आहे हे नक्की ठाऊक आहे आणि त्याला सांगायला वेळ नाही. मग शिपायानं त्याला धरून मागे ओढलं तर त्याचं स्वातंत्र्य हिरावलं असं होत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छा नाहीच. पण पूल पडेलच अशी खात्री नसेल, नुसता धोका असेल, तर? तर त्याला सावध करा आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोडा. जीव त्याचा आहे. लहान मुलं आणि भान हरपलेले लोक यातून वगळलेले.

एका वर्षी कोकणातल्या एका मुलानं हात वर केला. म्हणाला, “सर, त्या पुलावर तो एकटाच आहे का?” आम्ही म्हणालो, मिलनं एकटाच म्हटलंय, एकटाच धर. तो म्हणाला, “नाही, आमच्याकडे पावसाळ्यात साकव एकट्यानं कधी मोडत नाही.” वर्ग हसला. आम्हीही हसलो, घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचा परिच्छेद घेतला. निवृत्तीनंतर ही रीजंट्स पार्कची हकीकत वाचली तेव्हा तो मुलगा आठवला, आणि आपण त्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं, हसण्यावारी नेलं होतं, हे ध्यानात आलं.

कारण तळ्यावर मिलची सगळी व्यवस्था जशीच्या तशी होती. धोका होता, खात्री नव्हती. म्हणून सावध केलं आणि निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला. मिलच्या पुस्तकाबरहुकूम. आणि चाळीस माणसं मेली. चूक कुठे झाली? मिलच्या पुलावर जाणारा माणूस फक्त स्वतःचा जीव पणाला लावतो. बर्फावर जाणारा स्वतःचं वजनही घेऊन जातो, आणि ते वजन सगळ्यांच्या पायांखालच्या पत्र्यावर पडतं. माझा निर्णय माझ्यापुरता राहतच नाही. दुसऱ्याला इजा होत असेल तर समाजानं अडवावं, हे मिललाही मान्य आहे. पण इथे इजा कोण करतोय? प्रत्येकाचा वाटा पाचशेत एक. ग्रीकांचं ते वाळूच्या ढिगाचं कोडं आठवा: एकेक कण काढत गेलं तर ढीग नेमका कोणत्या कणाला ढीग राहत नाही? तसंच, बर्फ कितव्या माणसाला धोक्याचा झाला? चारशेव्या? चारशे एकाव्या? त्या माणसाला तुम्ही गुन्हेगार म्हणाल? तो तर आधीच्या चारशेंकडे पाहून आला होता.

शिवाय जे मेले त्यांत पोरं होती. मिलनं मुलांना वगळलंय खरं, पण काठावर उभं राहून वय विचारणारा कुणी नव्हता.

मग सरळ बंदी का घातली नाही? यालाही एक पार्श्वभूमी आहे. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, जुलै १८६६ मध्ये, मताधिकाराच्या मागणीसाठी हाइड पार्कात सभा भरणार होती. सरकारनं फाटकं बंद केली आणि जमावानं कठडे उपटून आत प्रवेश केला. त्या वेळी मिल वेस्टमिन्स्टरचा खासदार होता, आणि बागेत जमण्याच्या लोकांच्या हक्काची बाजू त्यानं मांडली होती. बाग कुणाची, हा प्रश्न ताजा होता. अशा हिवाळ्यात गरिबांना फुकटच्या मैदानावरून पोलिसांकरवी हाकलणं कोणत्या अधिकाऱ्याला सुचलं असतं? हा आमचा अंदाज, पुरावा नव्हे. आणि हाकललं असतं तर खुर्चीवाल्याच्या, झाडूवाल्याच्या त्या दिवसाच्या भाकरीचं काय, हेही आहेच.

प्रत्यक्षात काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. बंदी घातली नाही. नुसती मोठी पाटी लावली, असंही नाही. पाणी उपसलेलंच होतं. तळाशी भर घालून तो वर घेतला आणि तळ्याची खोली चार-पाच फुटांवर आणली. बस्स. बर्फ पुन्हा फुटेल, माणसं पुन्हा पडतील, हे गृहीत धरलं. पडलेल्याचे पाय जमिनीला लागतील एवढंच पाहिलं. मोठा माणूस छातीभर पाण्यात उभा राहील, शिव्या देईल, थंडीनं कुडकुडेल आणि काठावर येईल. ज्या प्रश्नावर आम्ही बत्तीस वर्षं ‘अडवावं की सोडावं’ असे दोनच पर्याय फळ्यावर लिहीत आलो, त्यावर कुणा इंजिनिअरनं तिसरा शोधला. पुलावरच्या माणसाला हात लावलाच नाही. पुलाखालची नदी उथळ केली.

ही युक्ती तशी नवी नव्हती. पूर्व इंग्लंडात फेन्स म्हणून सखल दलदलीचा प्रदेश आहे. तिथे नदीकाठच्या कुरणांत हिवाळ्यात पुराचं पाणी पसरतं आणि गोठतं. ते उथळ असतं. थंडीनं शेतीचं काम थांबलं की तिथले शेतमजूर त्यावर शर्यती लावत, बक्षीस म्हणून मांस, पीठ, क्वचित रोख रक्कम. वेल्नी गावचा विल्यम स्मार्ट, ज्याला ‘टर्की’ स्मार्ट म्हणत, तो १८५० च्या दशकात या शर्यतींचा राजा होता. त्याच्या घराण्यातच नंतरचे विजेते झाले. ही माणसं पातं बांधून वाऱ्यासारखी जात, लंडनचे संत्रंवाले त्यांच्यापुढे काहीच नाहीत. आणि बहुतेक ठिकाणी बर्फ फुटला तर भिजायचे ते गुडघे.

लंडनच्या क्लबवाल्यांनीही पुढे रीजंट्स पार्कमध्येच तिरंदाजांच्या एका संस्थेच्या आवारात उथळ पाण्यावर आपली सोय केली. खाजगी, सभासदांपुरती. पैसेवाल्यांची याहून मोठी झेप १८७६ ची. जॉन गॅमगी नावाच्या पशुवैद्यानं चेल्सीमध्ये खऱ्या बर्फाचं बंदिस्त मैदान उघडलं. तो मुळात परदेशातून मांस गोठवून आणायच्या खटपटीत होता, त्यातून हे निघालं. जमिनीत तांब्याच्या नळ्या, नळ्यांतून थंड केलेलं ग्लिसरीनचं मिश्रण, वर पाण्याचा पातळ थर. हे पडायला तळच नसलेलं तळं. त्याच वर्षी त्यानं असं एक मैदान थेम्सवर, चेरिंग क्रॉसपाशी, तरंगतं बांधलं. जी नदी साठ वर्षांपूर्वी फुकट गोठत होती, तिच्यावर आता यंत्रानं गोठवलेला तुकडा तरंगत होता. धंदा फार दिवस चालला नाही. बंद जागेत बर्फावर धुकं साचायचं, आणि खर्चही झेपण्यापलीकडचा.

सामान्य लंडनकर तळ्यांवरच राहिला. १८६७ नंतर माणसं घाबरून घरी बसली, असं काही झालं नाही. फेब्रुवारी १८९५ च्या मोठ्या थंडीत थेम्समधून हिमखंड वाहत होते आणि सर्पेंटाइन माणसांनी फुलून गेलं होतं. रीजंट्स पार्कच्या तळ्यात आता उन्हाळ्यात भाड्यानं नावा मिळतात.

वेळ झाली आहे, प्रश्न घेऊ या. त्याआधी एकच. तो कोकणातला मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असेल. ही मालिका त्याच्या कानांवर पडत असली तर त्यानं जरूर कळवावं. त्यानं पाहिलेल्या साकवावर त्या दिवशी किती माणसं होती, ते विचारायचं आमच्याकडून राहून गेलं.